बाटलीबाईच्या मुक्या पेशी

बाटलीबाई हे नाव मीच पाडलं. आमच्या प्रयोगशाळेत ती आली तेव्हा काचेच्या बाटल्या धुवायची आणि मी पेशी वाढवायचो. नऊ वर्षांत बाई धुण्याच्या टाकीपासून सरकत सरकत थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. नवरा अंथरुणाला खिळलेला, सासूला दिसत नाही, दोघांचं आवरून ही साडेआठला हजर! आणि पेशी तरी कशा वाढाव्यात तिच्या हातून? माझ्या डिशमध्ये तुरळक, तिच्या डिशमध्ये गच्च. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणायच्या, "वा! बाईंच्या हाताला गुण आहे." माझ्या हातांना काय झालं होतं? खोटं कशाला बोलू, अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा वरिष्ठ तंत्रज्ञाची एकच जागा निघाली. मी चौदा वर्षं तिथे घासतोय, पण चर्चा तिच्याच नावाची. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पोटात दुखतंय तुमच्या, दुसरं काही नाही." मी ताट सरकवून उठलो.

तेवढ्यात तो प्रयोग आला. पेशीत विषाणू शिरला की आतलं एक प्रथिन त्याला ओळखतं, ते दुसऱ्याला ढोसतं, दुसरं तिसऱ्याला, असा निरोप पार केंद्रकापर्यंत पोचतो. मग पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य बाहेर सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. बाई नव्या मुलींना सांगायची, "अगं, घरात चोर शिरला की आपण बोंब ठोकतो ना, तसंच." मॅडमनी या साखळीतलं एक प्रथिन काढून टाकलेल्या पेशी बनवल्या होत्या. बोंब न ठोकणाऱ्या, मुक्या. विषाणू घातला की त्या पटापट मरायला हव्या होत्या. माझ्या डिशमधल्या मेल्या. बाईच्या धडधाकट!

मॅडम भडकल्या. "लेबलं चुकवलीत तुम्ही. सहा महिन्यांचं काम पाण्यात!"

"नाही हो मॅडम, लेबलं मी दोनदा बघते," बाई म्हणाली. तिला कारणच उमगत नव्हतं.

मला उमगलं होतं. अशक्त पेशींना बाई दणकट पेशींच्या डिशमधलं जुनं पोषक पाणी घालते, ही तिची रोजची सवय. त्या दिवशी तिने ते ज्या डिशमधून घेतलं, तिथल्या पेशींना मेलेला विषाणू दाखवलेला होता. त्यांची बोंब त्या पाण्यात उतरली होती. मुक्या पेशींना ओरडता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं की! ते पाणी घालताना मी तिला समोरून पाहिलं होतं.

एक वाक्य बोललो असतो तर बाई सुटली असती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी ती दुपारी डबा न उघडताच बसून राहिली, तेव्हाही बोललो नाही. बरं वाटत होतं मला.

चौथ्या दिवशी मॅडमनी तिची वही मागवली. चूक सापडली तर जागेच्या यादीतून तिचं नाव जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पानं उलटता उलटता त्या थबकल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या, "मुक्या पेशींना निम्मं जुनं पाणी. दादांनी पहिल्या वर्षी शिकवलेली पद्धत."

दादा म्हणजे मी. शिकवलं होतं खरं, ती टाकीपाशी उभी असायची तेव्हा कधीतरी. मी साफ विसरलो होतो.

ते पाणी कुठल्या डिशमधलं, हेही तिने पुढे लिहिलं होतं. मॅडमना क्षणात सगळं कळलं. "अहो बाई, हेच तर मी शोधत होते!" त्या हसल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "पद्धत तुमची. तुम्ही समोरच बसता. तीन दिवस का नाही बोललात?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं, पाहताक्षणी समजलं.

"दादांना कसं कळणार, मॅडम?" ती म्हणाली. "ते त्या दिवशी स्टोअरमध्ये होते."

मी स्टोअरमध्ये नव्हतो. जागा तिलाच मिळाली. त्या जागेवरून मी अजून जळतो, पण त्याहून जास्त त्या वाक्यावरून जळतो. तिच्या जागी मी असतो तर माझ्या तोंडून ते निघालं नसतं.