आप्पांनी उसनं नेलेलं

२०२३ सालचा उन्हाळा, पाडवा नुकताच झालेला, तेव्हा मी या संग्रहालयाच्या दारावर बसू लागलो. मी गोष्टी सांगत फिरणारा माणूस नाही. पण दारावर बसणाऱ्याकडे किस्से राहतात, चाळणीत खडे राहतात तसे.

संग्रहालय एकाच माणसाचं आहे. आमच्या गावचे आप्पा. मुंबईला शिल्पकला शिकले, नाव काढलं, म्हातारपणी श्रीगोंदा रस्त्याला जागा घेऊन परत आले. नांगराचे फाळ, रहाटाची चाकं, गाडीचे आख जोडून शिल्पं करायचे. सामान विकत घेत नसत, मागून आणत. "काम झालं की आणून देतो." काम काही संपलं नाही, आप्पाच गेले. आता त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सगळं बघतात. मुंबई-पुण्याची माणसं शिल्पं बघायला येतात. तालुक्यातली माणसं आपलं सामान बघायला येतात.

*

पहिल्याच आठवड्यात ट्रॅक्टरमधून बायका आल्या. दाराशी चपला काढल्या. एकीच्या हातात नारळ. मी म्हणालो, हे देऊळ नाही.

"मंग घंटा कशापायी टांगल्यात?"

घंटा नव्हत्या, भिंतीवर बैलाची घुंगुरमाळ होती. तेही शिल्पच. नारळ पायरीवर फोडला. खोबरं मीही खाल्लं.

*

बबन नावाच्या शेतकऱ्याला एका शिल्पात आपल्या गाडीचा आख दिसला. दुसऱ्या दिवशी तो वंगणाचा डबा घेऊन आला. मी आडवा आलो. शिल्पाला वंगण लागत नाही, म्हणालो.

"आखाला लागतं की! आप्पाला दिला तवा वंगण घालून दिल्ता."

काकूंनी लावू दिलं. तेव्हापासून खंडेनवमीला रांग लागते. ज्याचा फाळ त्यानं पुजायचा. मुंबईच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, हा कलाकृतीचाच भाग आहे का? मी म्हणालो, खंडेनवमीचा आहे.

*

घुंगुरमाळेच्या जागी आता नुसता खिळा आहे. कॉलेजची एक मुलगी त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, यातलं रिकामपण अंगावर येतं. मी सांगितलं, इथं माळ होती, ती परत गेली.

"एक्झॅक्टली!" म्हणाली, आणि खिळ्याचा फोटो काढला.

*

ती माळ हौसाबाईंची. हिवरे बाजारच्या बाजूच्या. श्रावणात आल्या, माळ बघितली आणि खालीच बसल्या. नव्या नवरी असताना आप्पांनी दारात येऊन माळ मागितली होती. हौसाबाईंनी सासूला न विचारता दिली. आप्पा मुंबईला निघून गेले. सासू म्हणाली, हिनं माळ माहेरी पोचवली. खरं सांगितलं तर घरातले हसले. चित्रं काढणाऱ्याला घुंगुरमाळ कशाला लागते? सासू माहेराचंच म्हणत मेली. धाकटी नणंद सुभद्रा विधवा होऊन माहेरी आली, आता ती म्हणते. दर पोळ्याला, बैलाला ओवाळताना, चार माणसांत.

"आमची माळ वयनीच्या भावाच्या दावणीला वाजती म्हनती. भाऊ जाऊन बारा वर्सं झाली, तरी म्हनती."

खूण विचारली. मधल्या घुंगराला लाल चिंधी, लग्नातल्या लुगड्याची. होती.

संग्रहालयाच्या कमिटीतले लोक म्हणाले, शिल्प मोडता येणार नाही. काकू म्हणाल्या, "आप्पा उसनं बुडवत नव्हते. विसरत होते." आणि मला पक्कड आणायला सांगितली.

पोळ्याच्या दिवशी आम्ही दोघं टेम्पोनं गेलो. अंगणात बैल रंगवून उभे. भावकी जमलेली. सुभद्राबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढं. हौसाबाई मागं, भिंतीला टेकून. आम्ही येणार हे त्यांना सांगितलं नव्हतं.

काकूंनी पिशवीतून माळ काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"आमच्या मालकांनी या घरातून उसनी नेली होती. द्यायची राहिली."

सुभद्राबाईंनी ताट खाली ठेवून माळ हातात घेतली. घुंगरं चाचपली. चिंधीशी बोट थांबलं. मग माळ घेऊन त्या भिंतीकडं गेल्या.

"वयनी, तू घाल."

हौसाबाईंनी बैलाच्या गळ्यात माळ घातली.