पेटंटवाले काका

आमच्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचा तोटा नव्हता, पण अख्ख्या म्हैसुरात शास्त्रज्ञांना गप्प बसवू शकणारा माणूस एकच होता: आमचे पेटंटवाले काका. संस्थेतल्या शोधांची पेटंटं घ्यायची आणि ते शोध उद्योजकांच्या हाती सोपवायचे, हे त्यांच्या विभागाचं काम. कॅन्टीनमध्ये दोन संशोधक डोशावर वाकून बोलायला लागले, की काका आपली प्लेट उचलून मध्येच येऊन बसत आणि हवापाण्याच्या गोष्टी काढत. एकदा परिसंवादाच्या दारात लावलेलं पोस्टर त्यांनी गुंडाळून काखोटीला मारलं आणि खुद्द संचालकांना सांगितलं, "पेटंटचा अर्ज होईपर्यंत हे माझ्या कपाटात. आधी जाहीर झालं तर पेटंट मिळत नाही." काका म्हैसुरातल्याच लष्कर मोहल्ल्यातल्या, कापड रंगवणाऱ्या जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले, मी पुण्याहून आलेली. माझी मराठी त्यांना पुस्तकातली वाटे, त्यांची मला अर्धी कानडी.

नाचणीचं पीठ महिनोन्महिने खवट होऊ न देण्याची पद्धत मला चार वर्षांनी साधली. ती दिल्लीच्या परिषदेत मांडायला मी उतावीळ झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी माझं भाषण रद्द करवलं. मी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि नाही नाही ते बोलले. "तुम्ही स्वतः आयुष्यात काही शोधलं असतं, तर कळलं असतं तुम्हाला!"

ते रागावले नाहीत. "बस की गं," म्हणाले. "आमच्या वडलांना, अप्पांना, एक तांबडा रंग जमायचा. कितीबी धुवा, उतरायचा नाही. चोरतील म्हणून कुणाला सांगितला नाही, मलाबी नाही. मग अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. मी रंगाच्या सामानाचा एकेक डबा त्यांच्यापुढं धरायचो, हे का, ते का. ते नुसती मान हलवायचे, इल्ला, इल्ला, नाही म्हणून. तीन महिने. रंग गेला की त्यांच्यासंगट." मग म्हणाले, "लपवलं तर मरतंय, आधी बोललं तर दुसऱ्याचं होतंय. नाव लावून मग सगळ्यांना सांगायचं, एवढीच वाट आहे बघ."

मी अर्जाचे कागद मागून घेतले. अर्ज गेला, भाषण मी पुढच्या वर्षी केलं. नंतर एका मोठ्या कंपनीने ती पद्धत फक्त स्वतःसाठी मागितली. मला तर आनंदच झाला होता. काका मात्र समितीत दोन बैठका एकटे भांडले. जो मागेल त्याला ती मिळेल असं ठरवून घेतलं, आणि जवळच्या हिनकल गावातल्या, पीठ दळून विकणाऱ्या बायकांच्या गटाला स्वतः शोधून काढलं. करार बघून त्या बायका घाबरल्या, तेव्हा पिठाच्या पोत्यावर बसून त्यांनी तो ओळ न् ओळ कानडीत समजावून सांगितला. उठले तेव्हा पँट पांढरी झाली होती. तशाच पँटीने ऑफिसात आले.

आता ते निवृत्त आहेत. गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. अधूनमधून रविवारी मी जाते. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागायची म्हणून दर वेळी विषय काढते. "बिडम्मा," आधी कानडीत, मग मराठीत "जाऊ दे," म्हणत ते कॉफीचा लोटा पुढे सरकवतात. मग मीही माफीचं वाक्य कॉफीबरोबर गिळते आणि त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते.