दाक्षाअक्काचा भाता

मिलच्या दवाखान्याच्या पाटीवर नाव डॉक्टरांचं होतं, पण दवाखाना चालायचा दाक्षायणी सिस्टरच्या जरबेवर. तिला सिस्टर म्हणणारा तसा कुणी नव्हताच. साऱ्या खात्यांची ती दाक्षाअक्का. अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाहेर मराठी आणि संतापली की दोन्ही. तिच्यासमोर येण्याआधी रांगेतला शेवटचा माणूससुद्धा तोंडातली तंबाखू थुंकून, चूळ भरून यायचा.

१९७४ साली मुंबईचे एक डॉक्टर मिलमधल्या कामगारांच्या छात्या तपासायला सोलापुरात आले. त्यांनी सोबत एक यंत्र आणलं होतं, मोठ्या सुटकेसएवढं. वर रबरी नळी, आत चामड्यासारखा भाता आणि बाजूला कागदावर रेघ ओढणारं पेन. माणसानं नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. भाता वर उचलला जायचा, पेन चढायचं, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली ते कागदावर उमटायचं. डॉक्टरांनी आठ दिवस अक्काला शिकवलं आणि यंत्र तिच्या हवाली केलं. दर सोमवारी पाळी सुरू होताना आणि सुटताना कार्डिंग खात्यातल्या लोकांचा श्वास मोजायचा आणि वर्षभर आकडे मुंबईला पाठवायचे, एवढं तिचं काम.

कामगारांनी त्या यंत्राचं नाव ठेवलं भाता. अक्कानं त्या भात्याची निगा अशी राखली, की तिच्या सासूला हेवा वाटावा. रोज नळी कोमट पाण्यानं धुऊन दोरीवर वाळत घालायची. भाता अर्धा भरून नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरायचं आणि पेन खाली घसरतंय का ते बघायचं. घसरलं म्हणजे कुठंतरी हवा निसटते. सोबत एक लिटर हवेची मोठी पिचकारी होती. ती नळीत पूर्ण रिकामी केली की पेन एक लिटरवरच थांबायला हवं, केसभर इकडे नाही, तिकडे नाही. हे सगळं ती एका वहीत लिहायची. एकदा भात्याला चुणीत चीर गेली, तेव्हा पेटीसारखं यंत्र पोटाशी धरून ती नवी पेठेत गेली आणि हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या बसवराजकडून पातळ चामड्याचं ठिगळ लावून आणलं. ठिगळ लागल्यावर तिनं त्याच्या दुकानातच पिचकारी मारून बघितली, मगच पैसे दिले.

आता सोमवारच का, ते सांगायला हवं. कार्डिंग खात्यात कापूस विंचरून त्याचा पेळू, म्हणजे सैलसर दोर, निघतो, आणि समोरचा माणूस धुरकट दिसावा इतकी कापसाची धूळ उडते. रविवारच्या सुटीनंतर माणूस पुन्हा त्या धुळीत उभा राहिला, की दुपारपर्यंत त्याची छाती आवळून यायची. मंगळवारी थोडं कमी, शनिवारपर्यंत माणूस सरावायचा. हे खात्यात साऱ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त लेबर ऑफिसर आबासाहेबांना. त्यांचं म्हणणं, हे लोक रविवारी ढोसतात आणि सोमवारी खोकतात. मिलनं धुळीवर इलाज म्हणून काय केलं होतं, तर पाळी सुटताना दरवाजात प्रत्येकाच्या हातावर एक गुळाचा खडा. गूळ खाल्ला की घसा साफ. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच. आणि वर आबासाहेब तो गूळ स्वतःच्या शेतातला असल्यासारखे मिरवायचे.

कोंडीबा हा नातेपुत्याचा. एकवीस वर्षं कार्डिंगमध्ये. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, पण सोमवारी संध्याकाळी दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबायचा. त्याला एकच पाहिजे होतं. कापडाच्या गोदामात एक जागा रिकामी झाली होती, तिथं बदली. पगार थोडा कमी, पण धूळ नाही. त्यानं अर्ज केला, तेव्हा आबासाहेब म्हणाले, "तुझी छाती खराब आहे हे त्या यंत्रावर सिद्ध होऊ दे, मग बघू." कोंडीबा येऊन अक्काला म्हणाला, "अक्का, आता तुमचा भाता बोलंल तेच खरं."

भाता बोलत होता. सोमवारमागून सोमवार रेघा खाली येत होत्या, कोंडीबाची तर सगळ्यांत खाली. अक्कानं हजारावर कागद जमवले. आणि एका सोमवारी आबासाहेब न सांगता दवाखान्यात आले, पाठीमागे हात बांधून उभे राहिले आणि पाचव्या माणसाला हसू लागले.

तो माणूस ओठ नळीला लावतच नव्हता. अर्धं बोट लांबून, चुलीत फुंकणी फुंकावी तसा फुंकत होता. त्याच्यामागचाही तसाच. डॉक्टरांनी दिलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या तिसऱ्या महिन्यातच संपल्या होत्या आणि अक्का एकच तोंडनळी उकळत्या पाण्यात बुचकळून सगळ्यांना देत होती. धुतली म्हणून काय झालं, दुसऱ्याचं उष्टं ते उष्टं. तांब्या ओठाला न लावता वरून पाणी पिणारी माणसं ती. अक्काला कसं सांगायचं, म्हणून कुणी बोललं नाही. ओठ तेवढे लांब ठेवले. अक्का कागदाकडे बघायची, पेनाकडे बघायची, माणसाच्या तोंडाकडे बघायचं तिच्याकडून राहून गेलं. तिच्या स्वतःच्या घरी पाणी वरूनच प्यायचं, हे आठवून तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आबासाहेबांना तर कोलीतच मिळालं. दहा-बारा माणसांनी लांबून फुंकलं, म्हणून सगळ्यांचे सगळे कागद त्यांनी खोटे ठरवले. कोंडीबा ओठ घट्ट आवळून फुंकायचा, हे अक्का शपथेवर सांगत होती, ऐकतो कोण? शिपायाकडून त्यांनी एक चिठ्ठी आणवली. तिच्यावर लाल शाईत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नादुरुस्त'. ती त्यांनी स्वतःच्या हातानं भात्यावर चिकटवली. अक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चूक तिची होती, ती तिनं तिथंच सगळ्यांसमोर कबूल केली. पण चूक तिची होती, यंत्राची नव्हती, आणि कोंडीबाच्या छातीची तर नव्हतीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती वाइंडिंग खात्यात गेली. ज्या कागदी कोनांवर सूत गुंडाळतात, त्यातले चेपलेले कोन एका कोपऱ्यात फेकलेले असत. टोकाकडून चार बोटं कापली की ते भात्याच्या नळीवर नेमके बसत. तिनं चांगले शोधून पंचेचाळीस कोन घरी नेले, कात्रीनं कापले, उन्हात ठेवले आणि प्रत्येकावर एकेकाचा बिल्ला नंबर लिहिला. ज्याचा कोन त्याचा. काम झालं की तो आपल्या डब्याशेजारी ठेवणार, दुसरा कुणी हात लावणार नाही. सोमवारी ती रांगेसमोर उभी राहिली आणि म्हणाली की आता उष्ट्याची बात संपली, ज्याचे ओठ लांब दिसतील त्याच्या नाकाचा चिमटा मी ओठाला लावीन. माणसं हसली आणि ओठ आवळून फुंकू लागली.

चार सोमवार तिनं तसं मोजलं. दर वेळी आधी पिचकारी, मग माणसं, मग पुन्हा पिचकारी. लांबून फुंकणाऱ्यांचे आकडे वर आले, तेही तिनं प्रामाणिकपणे लिहिले. पण पंचेचाळिसातल्या सव्वीस जणांचा श्वास सकाळपेक्षा संध्याकाळी पडतच होता. कोंडीबा सकाळी दोन लिटर चार, संध्याकाळी एक लिटर नऊ. ते सगळं ती आबासाहेबांच्या टेबलावर ठेवून आली. त्यांनी अर्धा तास कागद चाळले, आणि बाई, यंत्र बरोबर दिसतंय, असं अगदी गोड तोंडानं मान्य केलं. अक्का त्या दिवशी घरी जाताना पेढे घेऊन गेली.

आठ दिवसांनी कोंडीबाच्या हातात पत्र पडलं. वैद्यकीय तपासणीत तो कामाला अयोग्य ठरला होता. पंधरा दिवसांनी येऊन हिशेब घेऊन जावा. बदलीचा त्यात शब्दही नव्हता.

सरळ माणसानं सरळपणे फुंकलं आणि त्याच फुंकरीनं त्याची चूल विझवायला निघाले, याला काय म्हणायचं? अक्का धावत ऑफिसात गेली. आबासाहेब चहा पीत होते. म्हणाले, "बाई, तुम्हीच तर सिद्ध केलंत. आजारी माणसाला कामावर ठेवलं तर उद्या तुम्हीच आम्हाला निर्दयी म्हणाल."

अक्का तशीच परत फिरली. कोंडीबा पंधरा दिवस नातेपुत्याला भावाच्या शेतावर जाऊन राहिला. हिशेब घ्यायला परत आला तो पायऱ्या न थांबता चढून आला, हे अक्कानं खिडकीतून बघितलं. ती उठलीच. त्याला खुर्चीत बसवलं, त्याच्या नंबरचा कोन काढला, पिचकारी मारून भाता तपासला आणि म्हणाली, "फुंका कोंडीबामामा, घरदार पणाला लागल्यागत फुंका."

पेन चढलं. दोन लिटर सात. तीनदा फुंकवलं, तीनदा तेच.

दोन्ही कागद घेऊन ती आबासाहेबांच्या टेबलासमोर गेली, एकावर एक ठेवून उजेडात धरले. खालची रेघ सोमवार संध्याकाळची, वरची आजची. माणूस तोच, यंत्र तेच.

"साहेब, पंधरा दिवस औषधाची गोळी नाही, तुमचा गूळ नाही. नुसती गावाकडची हवा. अयोग्य हा माणूस आहे, की तुमचं खातं?"

आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अक्कानं हेही सांगितलं की हे दोन कागद ती आजच्या टपालानं मुंबईच्या डॉक्टरांना पाठवणार आहे आणि सोबत कोंडीबाला अयोग्य ठरवणारं आबासाहेबांचं पत्रही. मग त्यांनी कोंडीबाचं पत्र परत मागून घेतलं आणि गोदामातल्या बदलीवर सही केली.

कोंडीबानं अक्काचे पाय धरले. ती त्याच्यावरच खेकसली, कारण तिला रडू येत होतं. पण आनंद त्या संध्याकाळपुरताच टिकला. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली तर भाता जागेवर नव्हता. तो लोखंडी कपाटात कुलूपबंद होता, किल्ली ऑफिसात, आणि कपाटाच्या दारावर तीच लाल शाईतली 'नादुरुस्त'ची चिठ्ठी. मुंबईला कळवलं गेलं होतं की यंत्र बिघडल्यामुळे तपासणी बंद केली आहे. एक माणूस सोडला, पंचवीस अडकवून ठेवले. गोदामात जागा एकच होती ना!

अक्कानं ती चिठ्ठी वाचली. मग तिनं वही काढली आणि त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिलं: काल पिचकारीनं तपासलं, पेन बरोबर एक लिटरवर. यंत्रात दोष नाही. खाली सही केली. पुढं नोकरी संपेपर्यंत, किल्ली मिळो न मिळो, दर सोमवारी ती त्या वहीत 'यंत्रात दोष नाही' एवढीच ओळ लिहीत राहिली.

पण त्या दिवशी तिनं आणखी एक केलं. कपाटावरची चिठ्ठी नखानं हलकेच सोडवली, फाटू दिली नाही. तिला मागून नवीन खळ लावली, भर पाळीत अंगण ओलांडून गेली, आणि पंचेचाळीस माणसांच्या देखत ती कार्डिंग खात्याच्या दारावर नीट सरळ करून चिकटवली. ती काढायला शिपाई दोनदा आला, पण दारात माणसं उभी होती. चिठ्ठी दिवाळीपर्यंत तिथंच राहिली.