गुड फ्रायडेचा पट्टा

तरसालीचा बोनी लोपीस हा मारामारीचा माणूसच नव्हे. अंगानं मात्र दांडगा. मकरपुऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करून मनगटं ही अशी झालेली, म्हणून दर गुड फ्रायडेला चर्चच्या अंगणातल्या नाटकात ख्रिस्ताला फटके मारणारा रोमन शिपाई तोच. आणि ख्रिस्त कोण? त्याचाच थोरला भाऊ सायमन. दाढी आहे, डोळे गरीब आहेत, आणखी काय लागतं? बोनीचा चाबूक सुती दोराचा. तो स्वतः वळायचा, लाल रंगात बुडवायचा. पाठीवर वळ उठायचे ते रंगाचे, लागायचं काडीचंही नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळातच घात झाला. बोनीचं ओजसवर प्रेम होतं. ओजस चित्रकला शिकवायचा, सयाजीगंजात खोली घेऊन राहायचा, आणि बोनीचा जीव कित्येक वर्षं त्याच्यात अडकलेला. सायमनकडे कुणीतरी चुगली केली. तो लोखंडी पाइप घेऊन थेट खोलीवर गेला. बोनी पोचला तेव्हा ओजस भिंतीशी गोळा होऊन "पुरे, पुरे" म्हणत होता आणि पाइप चालूच होता. ज्या हातानं तो चित्रं काढायचा तो हात मोडला. बोनी मध्ये पडला, तर त्याच्याही बरगडीत एक फटका बसला.

"चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" सायमन ओरडला.

आणि काही दिवसांनी हाच सायमन निवांत जेवायला बसून म्हणतो कसा, "माझं मिटलं. कन्फेशन केलं. फादरनी क्षमा दिली, दहा 'नमो मारिया' प्रार्थना म्हणायला सांगितल्या."

दहा! एका मोडलेल्या हाताला दहा नमो मारिया! बोनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्याच फादरनी त्याला सांगितलं होतं, "बोनी, ओढ हे पाप नाही, पण संबंध पाप आहे. ओजसला सोड, मग क्षमा. नाहीतर ईस्टरला कम्युनियनचा प्रसाद नाही." आणि बोनीला तर दोन्ही हवं होतं. ओजसही आणि कम्युनियनही. एक सोडायचं म्हटलं तरी त्याचा जीव कासावीस व्हायचा.

गुड फ्रायडेला त्याच्या पिशवीत सुती दोर होता, आणि खाली कारखान्यातल्या मशीनचा जुना रबरी पट्टा. का घेतला, विचारू नका. घेतला.

सायमनला खांबाला बांधलं, पाठ उघडी. बोनीनं पिशवीत हात घातला आणि पट्टा काढला.

पहिल्याच फटक्याला सायमनला कळलं. तो किंचाळला, पण नाटकात तर किंचाळायचंच होतं! दुसऱ्या फटक्याला कातडं फाटलं. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. "केटलुं साचुं लागे छे," किती खरं वाटतंय, असं कुणीतरी गुजरातीत म्हणालं. हात बांधलेले, ख्रिस्त जाणार कुठे? तिसरा, चौथा. रक्त कमरेपर्यंत ओघळलं. आणि बोनीला बरं वाटत होतं हो, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. तेवढ्यात सायमननं मान वळवली.

"बोनी, पुरे. पुरे."

अगदी ओजससारखं. बोनीच्या हातून पट्टा गळून पडला.

दुसऱ्या दिवशी तो कन्फेशनला गेला आणि सगळं सांगितलं. जाळीआडून फादरनी विचारलं, "आणि ओजसचं?"

"ते पाप म्हणून आणलंच नाही, फादर. पट्ट्याचा पश्चात्ताप आहे. ओजसचा नाही, होणारही नाही."

"मग मला क्षमा देता येत नाही, बाळा." फादरनाही वाईट वाटत होतं, पण चर्चच्या शिकवणीपुढे त्यांचं काही चालेना.

"राहू द्या," बोनी रडत म्हणाला. "मारलं दादाला, माफीही त्याच्याकडेच मागतो."

घरी सायमन पालथा पडलेला, आई पाठीला मलम लावत होती. बोनी खाली फरशीवर बसला. "दादा, चुकलो. माफ कर मला."

"फार लागलं रे," सायमन उशीतून म्हणाला.

"ओजसलाही लागलं."

"त्याबद्दल मला क्षमा मिळाली. फादरनी दिली."

"फादरांचा हात मोडला होतास का, दादा?"

आईचा हात थांबला. सायमन कण्हत कण्हत उठून बसला.

"आई, शर्ट दे," तो म्हणाला. "सयाजीगंजात जायचंय, ओजसकडे."