आमचे सावकाश सर

आमच्या पत्रकारितेच्या वर्गाला वार्तांकन शिकवणारे सर हे जगातले सर्वांत सावकाश बातमीदार होते. ते वर्तमानपत्रात असताना त्यांची बातमी संपादकांच्या टेबलावर पोचेपर्यंत बाकीच्यांचे अंक रद्दीत गेलेले असत, असं त्यांचे जुने सहकारी सांगत, आणि सर ते अभिमानाने ऐकत. एकदा नव्या पेठेतल्या खोदलेल्या रस्त्याबद्दल विचारायला आम्हाला घेऊन गेले, तर आधी कापड दुकानदाराच्या गुडघ्याची, मग त्याच्या मुलीच्या बाळंतपणाची सविस्तर चौकशी झाली; रस्त्याचा विषय दुसऱ्या चहाला निघाला. वही काढण्याआधी ते परवानगी मागत, आणि लिहिलेलं सगळं समोरच्याला वाचून दाखवत. मोडनिंबच्या एका शेतकऱ्याने ते ऐकून मान डोलावली न् म्हणाला, "लई झ्याक बोललो की मी."

मला हा सगळा वेळकाढूपणा वाटे. भवानी पेठेत एका यंत्रमाग कारखान्याला आग लागून एक कामगार गेला, तेव्हा सरांना न सांगताच मी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी पोचले. त्याची बायको दारात आली. मी फोन तिच्या तोंडासमोर धरला आणि तुम्हाला कसं वाटतंय, असं विचारलं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सर रागावले नाहीत. पण पंधरा दिवस त्यांनी मला तिकडे फिरकू दिलं नाही. मग स्वतः सोबत आले. आधी मला माफी मागायला लावली, आणि मग तिला विचारलं, की कारखान्यात तिचा नवरा चादरीवर कुठली नक्षी विणायचा. तिने आतून एक चादर आणली, मांडीवर पसरली आणि नक्षीवरून बोट फिरवत तासभर बोलली. मराठीत अडलं की तेलुगूत शिरे. सर तेही मान हलवत ऐकत. त्या सकाळी घरातून निघताना नवरा काय म्हणाला, तेही तिने सांगितलं. माझ्या बातमीचं पहिलं वाक्य मला मिळालं होतं.

मी सगळं वाचून दाखवू लागले. त्या वाक्याशी तिने मला थांबवलं. "तेवढं नको लिहू, पोरी. ते माझं हाय."

मी सरांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मी वाक्य खोडलं.

कॉलेजच्या अंकात बातमी आतल्या पानावर आली. सर सकाळीच एक अंक घेऊन त्या घरी गेले आणि संध्याकाळी परतले.

मागच्या वर्षी सर गेले. ते वाक्य आता ती आणि मी, आम्हा दोघींनाच माहीत आहे.