फॅरन मालकांची भीती

लॉडविक फॅरन यांना इंग्लंडमधला सगळा श्रॉपशर परगणा वेडा जमीनदार म्हणायचा. मी सायलस ट्रँटर, त्यांचा गाडीवान. एकवीस वर्षं त्यांच्या चाकरीत काढली, पण निर्धास्त असा दिवस क्वचितच गेला. विजा कडाडायला लागल्या की मालक हवेलीच्या छपरावर जाऊन बसायचे. सांडाच्या गोठ्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचे. स्वयंपाकीण डॉर्कस म्हणायची, "देव या माणसात भीती घालायची विसरलाय." मलाही तसंच वाटायचं.

१८३५ साली शेजारच्या पिन्सेंट जमीनदाराने गावच्या माळाला कुंपण घातलं. लोकांच्या गाई चरायच्या बंद झाल्या. मालक भडकले आणि पार्लमेंटच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभे राहिले.

भाषणांच्या दिवशी सकाळी बर्फ वितळून नदीला पूर आला आणि लाकडी पूल वाहून गेला.

"मालक, वरच्या पुलावरून बारा मैलांचा वळसा आहे. पोहोचेपर्यंत सगळं आटोपेल."

"मग पिन्सेंट सगळ्यांना सांगेल, फॅरन घाबरून घरी बसला. नदीच्या उथळ उतारातून गाडी घाल."

"पाणी घोड्यांच्या पोटाला लागेल हो!"

त्यांनी माझ्या हातातून लगाम हिसकावला.

नदीच्या मधोमध गाडी तरंगायला लागली. वरून एक अख्खं झाड वाहत येताना दिसलं. मी मालकांकडे पाहिलं. चेहरा चुन्यासारखा पांढरा, ओठ थरथरत होते.

"मागे फिरवा!"

"फिरवता येत नाही. सायलस, मला पोहता येत नाही रे."

"मग कशाला मरायला उतरलात?" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो.

"माझा धाकटा भाऊ इथेच बुडाला. मी नऊ वर्षांचा होतो, काठावर उभा होतो. भीतीने पाय हलले नाहीत. तेव्हापासून ज्याची भीती वाटते, तिकडे मुद्दाम जातो. पण भीती काही जात नाही."

झाड गाडीवर आदळलं. डावीकडची घोडी जूनो पाण्याखाली गेली आणि आम्हालाही ओढायला लागली. मी खिशातला सुरा काढून तिचे पट्टे कापले. त्या घाईत स्वतःचा अंगठाही कापून घेतला. दुसऱ्या घोड्याने आम्हाला कसंबसं काठाला लावलं. जूनो पुन्हा दिसली नाही.

मालक ओलेचिंब मंचावर चढले, पण तोंडातून शब्द फुटेना. गर्दी हसायला लागली.

"बोल की रे, बेडका!" कुणीतरी ओरडलं आणि सडका कोबी त्यांच्या छातीवर आपटला.

"मला भीती वाटतेय," मालक अखेर म्हणाले. हसणं थांबलं. "तुम्हालाही वाटतेय. मत देताना इथे सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत, तर पिन्सेंट घर काढून घेईल. घाबरू नका, असं मी कुठल्या तोंडाने सांगू? पण माळ त्याचा नाही."

पिन्सेंटच्या कुळांपैकी तिघांनीच मालकांना मत दिलं. पहिला ओबेड चांभार. नाव घेताना त्याचा आवाज चिरकला. मालक हरले.

आठवड्यात ती तिन्ही कुटुंबं रस्त्यावर आली. मालकांनी त्यांना हवेलीतच आणून ठेवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी पिन्सेंटची दहा माणसं सोटे घेऊन फाटकाशी आली. "त्या तिघांना बाहेर काढा, नाहीतर फाटक मोडू!" मी तबेल्याच्या दारामागे लपलो होतो.

"सायलस, येतोस का?"

"पाय लटपटतायत, मालक."

"माझेही. एकमेकांना धरून जाऊ."

आम्ही जाऊन फाटकाला आतून पाठी लावल्या. बाहेरून सोटे आपटत होते, प्रत्येक दणका कण्यात जाणवत होता. थोड्या वेळाने मालकांच्या शेजारी ओबेड येऊन टेकला, मग बाकीचे दोघे, मग कणकेच्या हातांनी डॉर्कस. तासाभराने दणके थांबले आणि ती माणसं शिव्या देत निघून गेली.

दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक झाली, या वेळी पिन्सेंटच्या बऱ्याच कुळांनी मालकांचं नाव घेतलं आणि ते निवडून आले. त्यांनी माळाचा प्रश्न पार्लमेंटमध्ये लावून धरला आणि पुढच्या उन्हाळ्यात माळावरचं कुंपण निघालं.