लाल बटण आणि बाबांचा अंगठा

अर्धांगवायूने बाबांचं उजवं अंग नेलं आणि जीभही नेली. कळत सगळं होतं. पेपर जाहिरातींसकट वाचायचे. पण बोलायला गेले की घशातून नुसती घरघर यायची. वर्गात कुजबुज झाली की खडू भिरकावणारा माणूस तो, आणि आता पाणी हवं असलं तर पलंगाच्या कडेवर टकटक करायची. आम्ही डाव्या हाताने लिहायला पाटी दिली, तर ती त्यांनी पलंगाखाली ढकलली. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाने पाटी धरून गिरवत बसायचं? छे!

त्यातच काकांनी टुमणं लावलं, बाग करारावर देऊन टाकू. बाबांनी कातळ फोडून, माती वाहून आणून लावलेली हापूसची कलमं ती. लांज्याचा एक कंत्राटदार मोहोर धरायच्या आत बोलणी करायला येणार होता. मी विचारलं, "काका, बाबांना विचारलंत?"

"दादाला काय विचारायचंय? तो कुठे बोलतोय? मी विषय काढला तेव्हा मान हलवलीन त्याने."

मान तर त्यांची दिवसभर हलायची! माझं डोकंच सणकलं. म्हटलं, बोलतील. कंत्राटदार घरात पाऊल टाकायच्या आत बाबा बोलतील, मग काय ते ठरवा.

तेव्हा बटणांचे फोन होते. मी रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे आणि हौस म्हणून फोनवर चालणारे छोटे प्रोग्रॅम लिहायचे. क्लास सुटला की तिथल्याच मशीनवर बसले. फोनमध्ये मराठी अक्षरं धड उमटायची नाहीत, म्हणून एकेका शब्दाचं चित्र करून घातलं. पहिल्या पडद्यावर चारच शब्द ठेवले: अंग, घर, बाग, माणसं. 'अंग' उघडलं की आत दुखतंय, तहान, भूक. 'बाग' उघडलं की खत, फवारणी, राखण, करार. 'माणसं'मध्ये आई, काका, डॉक्टर आणि शेवटी माझं नाव. आणि प्रत्येकाच्या आत बोलवा, विचारा, नको. एका बटणाने आत जायचं, एका बटणाने मागे यायचं. फोन हातात दिला तेव्हा बाबांनी तो ढकलला नाही. फोन काय, सगळ्यांकडेच असतो.

आणि पहिल्याच दिवशी घोडं पेंड खायला लागलं. दोन पडदे आत गेले की बाबांचा अंगठा फोन कापायच्या लाल बटणावर जायचा आणि प्रोग्रॅम बंद! पुन्हा उघडला की पहिल्यापासून सुरुवात. बाबा चिडायचे, लाल व्हायचे, फोन भिंतीवर आपटायचे.

कारण मला चांगलं माहीत होतं. बाबांनी उभ्या हयातीत मोबाइलवरून बोलायला पैसे घालवले नाहीत. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे स्टँडवर घ्यायला या. आणि समोरच्याने उचलायच्या आत लाल बटण. आमच्या अख्ख्या वाडीचा कारभार मिस कॉलवर चालायचा, पण बाबा त्यातले उस्ताद. उजवं अंग रुसलं, तरी ती सवय डाव्या अंगठ्यात उतरलीच होती.

मी लाल बटणावर चिकटपट्टी लावली. त्यांनी नखाने खरवडून काढली. मी ओरडले, "बाबा, तिथे दाबायचं नाही म्हणून किती वेळा सांगू!" त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आई म्हणाली, "अगो, राहू दे गो ते खेळणं. का छळतेस त्यांना?"

मग मला माझाच राग आला. बाबांना कसलं सुधारतेय मी? सुधारायला हवा तो प्रोग्रॅम. दाबू देत लाल बटण, दिवसभर दाबू देत!

पडदा बदलला रे बदलला, की बाबा कुठे आहेत ते फोनच्या मेमरीत लिहून ठेवायचं, आणि पुन्हा उघडल्यावर थेट तिथेच न्यायचं, असं मी केलं. तर नवीनच पंचाईत. बाबा 'करार'वर परत यायचे खरे, पण तिथून 'मागे' दाबलं की प्रोग्रॅमला मागचं काहीच आठवायचं नाही आणि तो गप्पकन मिटायचा. पडदे एकावर एक पत्ते ठेवल्यासारखे असतात. मी वरचा एकच पत्ता जपला होता, खालची थप्पी उधळली होती. पुन्हा सगळं उकललं. भारनियमनात मशीन बंद पडायचं, तेवढा वेळ कागदावर बाण काढत बसायचे. शेवटी अख्खी थप्पी जपली जाऊ लागली, आणि फोनच्या डाव्या बटणावर प्रोग्रॅम थेट उघडेल असं करून ठेवलं.

कंत्राटदार आला. बाबांना आम्ही ओटीवर खुर्चीत बसवलं होतं. कोकम सरबत झालं, काकांनी कागद काढले. मी म्हटलं, "आधी बाबा." काका हसले. "बरं बाई. बोल दादा."

बाबांनी बाग उघडली. करार उघडला. आत हो, नाही, नंतर बघू असे तीन शब्द होते. अंगठा थांबला आणि सवयीने लाल बटणावर गेला. पडदा विझला. कंत्राटदाराने घड्याळ पाहिलं. बाबांनी डावं बटण दाबलं आणि करार पुन्हा समोर आला, जसाच्या तसा. मी मनात म्हणत होते, दाबा, बाबा, 'नाही' दाबा.

त्यांनी मागे दाबलं. मग पुन्हा मागे.

"चुकला बघ," काका म्हणाले. "उगाच त्याला ताप देतेयस."

मलाही तसंच वाटलं. इतकं करून बाबा वाट चुकले. पण अंगठा चालतच होता. माणसं. त्यात खाली खाली, शेवटचं नाव: माझं. ते मी घातलं होतं मला हाक मारता यावी म्हणून, पाण्याला, औषधाला. बाबांनी ते उघडलं, 'बोलवा' सोडून पुढे गेले, आणि फोन वळवून काकांपुढे धरला. वर माझं नाव, आणि त्याखाली एकच शब्द:

विचारा.

काका त्या शब्दाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. या घरात बागेचं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, बाबांनीसुद्धा नाही. डोळे भरून आले होते, ते तसेच राहू दिले.

"बाग द्यायची नाही," मी म्हटलं. "मी बघेन."